सूची नसलेला आवाज

६ जानेवारी

सर्व्हरचं काम आजपासून माझ्याकडे आलं. वाचा-श्रवण केंद्रातली माझी नोकरी कराराची आहे आणि करार मार्चअखेर संपतो. तो वाढवायचा की नाही हे या कामावर ठरेल, असं मॅडमनी, म्हणजे केंद्रप्रमुखांनी, तोंडावर सांगितलं. मला ते बरं वाटलं. गोड बोलून आडून सुचवणाऱ्यांपेक्षा हे सोपं.

आत्ता प्रत्येक विभागाची डिस्क वेगळी आहे. श्रवण-चाचण्यांची निम्मी रिकामी, मुलांच्या व्हिडिओंची ओसंडून चाललेली, आणि एकीकडची जागा दुसरीकडे देता येत नाही. मी सगळ्या विभागांसाठी मिळून नव्या डिस्कचा एक सामाईक साठा करणार आहे. त्यातून प्रत्येक विभागाला त्याचा भाग काढून द्यायचा. लिनक्समध्ये याची चांगली सोय आहे: भाग अपुरा पडला तर काम चालू असतानाच साठ्यातून वाढवता येतो. मी निवडलेल्या फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीची, मात्र एक अट आहे. दिलेला भाग वाढतो, पण आखडून परत घेता येत नाही. म्हणून सुरुवातीला हात आखडता ठेवायचा.

तीन नव्या डिस्क मागवल्या.

१० जानेवारी

कुणाला किती जागा लागेल ते विचारत फिरले. श्रवणवाल्यांनी आत्ताच्या तिप्पट सांगितली. मुलांच्या विभागातली थेरपिस्ट म्हणाली, "असेल तेवढी दे की. उरलेली काय घरी नेऊन लोणचं घालणार आहेस?" सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरा.

काहीच मागितलं नाही ते फक्त रेकॉर्डिंगवाल्या काकांनी. ते आवाजपेढी सांभाळतात. घशाच्या शस्त्रक्रियेत ज्यांचा आवाज जाणार असतो त्यांच्याकडून आधी शेकडो वाक्यं वाचून घेतात. त्यावरून दुसऱ्या शहरातली एक प्रयोगशाळा त्यांचा कृत्रिम आवाज घडवते. पुढे त्या माणसाने टाइप केलं की यंत्र त्याच्या आवाजात बोलतं.

"तुझं झालं की सांग," काका म्हणाले, "मग मी माझं उतरवतो. नवी डिस्क झकास आहे हो. तू सांगितलीस तीच घेतली."

मागे त्यांनी रेकॉर्डरसाठी कोणती डिस्क घेऊ म्हणून विचारलं होतं, ते मी विसरले होते.

१९ जानेवारी

साठा तयार झाला. पुरवठादाराकडून दोन डिस्क खोक्यातून आल्या. तिसरी आधीच येऊन सर्व्हरच्या खोलीतल्या फळीवर ठेवलेली दिसली. तीच कंपनी, तोच आकार, तीच चंदेरी पिशवी. तरीही तपासली. कप्पे पाडलेले नाहीत, फाइल सिस्टिम नाही, कसलीही खूण नाही. यंत्राच्या मते कोरी. तिन्ही साठ्यात घेतल्या आणि तीन भाग काढले: चाचण्या, व्हिडिओ, आवाज. साठ्याचा तिसरा हिस्सा कुणालाच दिला नाही.

मॅडमनी पडद्यावर पाहिलं. "ही उरलेली कशाला ठेवलीस? वाटून टाक."

"लागली की देईन."

"लोक तुला चिंगूस म्हणतायत."

"म्हणू देत."

त्यांनी पडदा बंद केला. मग, "बरं," म्हणाल्या.

मी मावशीकडे राहते; घरी आल्यावर जिना चढताना तिने खालून हाक मारली. ती चष्म्याच्या दुकानात काम करते आणि माझ्या आधी घरी येते. "आज खुशीत दिसतेस. काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "तुझ्या त्या 'काही नाही'ला एक वेगळी खोली बांधायला हवी. हल्ली घरात मावत नाही."

२४ जानेवारी

कुरिअरवाला खोकं देऊन गेला. आत मी मागवलेली तिसरी डिस्क होती.

मग साठ्यात घातलेली कुणाची?

काकांकडे गेले. ते हेडफोनच्या वायरीचा गुंता सोडवत बसले होते.

"फळीवरची? माझीच. माझ्या खोलीत उकडतं, तुझ्याकडे गार असतं, म्हणून ठेवली. लिलाववाल्यांचं सगळं रेकॉर्डिंग आहे त्यात. का गं?"

"दुसरी प्रत आहे?"

"तुझी जागा तयार व्हायची होती ना."

लिलाववाले म्हणजे फुलबाजारात लिलाव पुकारणारे गृहस्थ. डिसेंबरभर येऊन त्यांनी वाक्यं वाचली. जानेवारीच्या सुरुवातीला त्यांचं स्वरयंत्र काढलं. ती वाक्यं आता पुन्हा वाचून घेता येणार नाहीत.

यंत्राने डिस्क कोरी सांगितली, कारण काकांचा रेकॉर्डर स्वतःच्याच पद्धतीने लिहितो आणि ती लिनक्सला ओळखता येत नाही. ओळख न पटणं आणि रिकामं असणं या दोन गोष्टी मी एकच धरल्या. बाहेर जाऊन कुणाला विचारलं नाही, कारण विचारण्याची गरज वाटली नाही.

काकांना काहीच सांगितलं नाही. "बघते," म्हटलं आणि निघाले.

२५ जानेवारी

जे नक्की माहीत आहे ते आधी लिहिते.

डिस्क साठ्यात घेताना तिच्या अगदी सुरुवातीला साठ्याची माहिती लिहिली जाते. तेवढा तुकडा गेला. त्यापुढे काही लिहिलं गेलेलं नाही, कारण तिन्ही विभागांचे भाग पहिल्या दोन डिस्कवरच बसले. या डिस्कमधून कुणालाही काही दिलेलं नव्हतं. मॅडमचं ऐकून उरलेली जागा वाटली असती, तर ती डिस्क आरपार खराब झाली असती.

हे मी दोनदा वाचलं. यात समाधान मानण्यासारखं काही नाही. मी जागा राखली ती कुणाचा आवाज वाचवायला नव्हे.

डिस्क साठ्यातून सोडवली. काल आलेल्या नव्या डिस्कवर तिची जशीच्या तशी नक्कल घेतली. मूळ डिस्क पिशवीत घालून कपाटात ठेवली. आता जे काही करायचं ते नकलेवर.

काकांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी चिठ्ठी लावली नाही. तू गप्प बस. रेकॉर्डर जुना आहे, डिस्क बिघडली म्हणून सांगतो. माझी निवृत्ती जवळ आली आहे, मला कोण काय करणार? तुझा करार आहे."

मी म्हटलं, विचार करते. आणि खरंच केला. त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. कुणालाही शंका आली नसती. घरी येईपर्यंत मी त्या खोट्याचा सगळा तपशील मनात नीट लावून ठेवला होता, आणि तो इतका चोख बसत होता की मला स्वतःचीच भीती वाटली.

२७ जानेवारी

मॅडमना सांगितलं. काकांचं नाव जेवढं आवश्यक तेवढंच घेतलं.

त्या ओरडल्या नाहीत. "किती परत मिळेल?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, आवाज बहुतेक सगळा. सूची नाही. रेकॉर्डर माणूस खोलीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सलग टिपत राहतो; कोणतं वाक्य कुठून कुठपर्यंत, ते तो डिस्कच्या सुरुवातीला सूचीत लिहितो. नेमकी ती सूची गेली. आता उरली आहे ती आवाजाची एक लांबच लांब पट्टी, कुठेही खूण नसलेली. कुणीतरी ऐकून वाक्यं वेगळी करावी लागतील.

"कुणीतरी म्हणजे?"

"मी."

"हातात काही येईपर्यंत लिलाववाल्यांना कळवू नकोस. आधीच कमी भोगलंय का त्यांनी?"

मला हायसं वाटलं. ते का वाटलं हे मला चांगलं ठाऊक आहे.

आज काका जेवायला आमच्या टेबलावर आले नाहीत. माझ्यावर रागावले असावेत. दुपारी माझ्या टेबलावर त्यांचा चांगला हेडफोन ठेवलेला होता, जो ते कुणाला हात लावू देत नाहीत. विसरले असतील.

२ फेब्रुवारी

लिलाववाल्यांच्या पत्नी आल्या होत्या. मॅडम सुट्टीवर. बाईंनी मलाच व्हरांड्यात गाठलं. "आवाज कधी मिळेल हो? पाटीवर लिहून लिहून यांचा हात दुखतो. आणि माझा चष्मा घरात कुठे असतो कुणास ठाऊक, तोवर यांचं भांडण थंड होऊन जातं."

'काम चालू आहे' हे तीन शब्द माझ्या तोंडाशी आले होते. तेही खरंच होतं. पण माझ्या तोंडून आलं ते असं: "माझ्या हातून त्या डिस्कची सूची पुसली गेली आहे."

त्यांना 'सूची' म्हणजे काय ते कळलं नाही. फक्त 'पुसली' कळलं.

"घसा दुखत असताना वाचलंय त्यांनी!" त्या म्हणाल्या. "एकेका वाक्यानंतर पाणी पीत. आणि तुम्हाला एक डबी सांभाळता येत नाही?"

लिलाववाले मागे बाकावर बसलेले माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ते उठून आले. उंच, गळ्याला पांढरं कापड. पाटीवर लिहिलं, "किती वाचलं?"

"सुरुवातीची काही सेकंदं आणि पूर्ण सूची गेली," मी म्हटलं.

त्यांनी पाटी पुसली आणि त्याच अक्षरात पुन्हा लिहिलं, "वाचलं किती ते विचारलं."

"बाकी सगळं."

त्यांनी मान हलवली, बायकोचा दंड धरला आणि निघाले. तिसऱ्या पायरीवरून बाई वळून म्हणाल्या, "मी रोज फोन करणार आहे."

रोज येणाऱ्या फोनची मला कल्पनाही सहन होत नाही. मी त्यांना माझा नंबर दिला.

८ फेब्रुवारी

ऐकायला सुरुवात केली. समोर वाक्यांची छापील पानं. वाक्य ऐकलं की त्याचा क्रमांक आणि जागा नोंदवायची.

वाक्यं मुद्दाम अशी निवडलेली आहेत की भाषेतले सगळे ध्वनी यावेत. त्यामुळे ती कुणाच्याच तोंडची नाहीत. "उद्या दुपारपर्यंत वारा मंद होईल असे वाटते." हे वाचून लिलाववाल्यांनी काकांना विचारलेलं ऐकू येतं, "काका, 'असे वाटते' कोण बोलतं हो? वर्तमानपत्र?"

मागून पत्नी: "मुकाट्यानं वाचा."

"मुकाट्यानं वाचू कसं?"

मला हसू आलं. शेजारच्या टेबलावरून थेरपिस्टने वर पाहिलं. मी खोकल्यासारखं केलं.

१४ फेब्रुवारी

दोन वाक्यांमधली शांतता शोधून पट्टीचे आपोआप तुकडे करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. चांगला चालतो. आता प्रत्येक तुकड्याची पहिली दोन अक्षरं ऐकली तरी पुरेल.

तरीही पूर्ण ऐकते आहे. खात्री असलेली बरी.

एका ठिकाणी ते काकांना पुकारा कसा करतात ते दाखवतात. आधी हळू, ग्राहकाशी खासगीत बोलल्यासारखं. मग एकेक बोली चढते तसा आवाज चढत जातो, आणि शेवटी एकदम खाली येतो. "शेवटच्या बोलीला ओरडायचं नसतं," ते सांगतात. "तिथं सगळे आधीच ऐकत असतात." हा भाग छापील पानांवर नाही. मी तो तीनदा ऐकला. आवाजाची पातळी तपासायची होती.

पत्नींचा फोन रोज येतो. "आज कुठवर आलात?" मी वाक्याचा क्रमांक सांगते. आज त्यांनी विचारलं, "बरे बोलतायत ना?" प्रश्न चुकीच्या काळात होता. मी म्हटलं, हो, छान बोलतायत.

२१ फेब्रुवारी

आज असा एक भाग आला की त्यात पत्नी चहा आणायला बाहेर जातात. दार लागल्याचा आवाज येतो. मग ते काकांशी बोलतात. काका मध्ये एक शब्दही बोलत नाहीत. चहा येईपर्यंत ते बोलतात, आणि दार उघडल्याबरोबर, "आज साखर विसरली नाहीस ना?" असं मोठ्याने म्हणतात.

ते काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही. ते माझ्यासाठी नव्हतं.

हेडफोन काढून खिडकीशी जाऊन उभी राहिले. काका आले, माझ्याकडे पाहिलं, "तिथवर पोचलीस होय," म्हणाले, आणि तसेच गेले.

घरी मावशीने ताट वाढता वाढता नेहमीचं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "एका माणसाचं ऐकत होते." "कुणाचं?" "पेशंट." ती पुढचं ऐकायला थांबलीच होती. मी पाणी प्यायले.

५ मार्च

वाक्यं पूर्ण झाली. पहिल्या वाक्याचा आरंभ सोडला तर एकही गहाळ नाही. प्रयोगशाळेकडून नमुना आला आणि आज मॅडमच्या खोलीत तो त्या दोघांना ऐकवला. आवाज स्वच्छ, उच्चार अचूक.

पत्नी ऐकत राहिल्या. "हा कोण?" त्या म्हणाल्या.

"तेच आहेत," मॅडम म्हणाल्या.

"घसा त्यांचाच आहे. पण हे बातम्या देतायत हो. असे हे कधी बोललेत घरात?"

लिलाववाल्यांनी पाटी मांडीवर पालथी घातली.

मी म्हटलं, "वाक्यांच्या मधलं बोलणं आहे. ते कधीच पाठवत नाहीत, सूची असती तर कुणी ऐकलंही नसतं. पण त्यात हे स्वतःसारखे बोलतात. ते पाठवलं तर आवाज बदलेल."

मॅडम म्हणाल्या, "ते खासगी आहे. परवानगी लागेल. आणि तुला काय माहीत ते कसे बोलतात?"

"मी सगळं ऐकलं आहे."

लिलाववाल्यांनी पत्नीला खुणेनेच पाणी आणायला सांगितलं. त्या बाहेर गेल्यावर पाटीवर लिहिलं, "सगळं?"

"हो."

"चहाच्या वेळचं?"

"हो."

ते खूप वेळ खडू बोटांत फिरवत राहिले. मग लिहिलं, "बाकी पाठव. ते नको. ते पूस. तिला कधी ऐकू यायला नको." मी वाचल्यावर त्यांनी पाटी तळहातानेच पुसली.

६ मार्च

तेवढा भाग पुसला. नुसता डिलीट करून चालत नाही. नाव जातं, मजकूर राहतो. मूळ डिस्कवर आणि नकलेवर त्या जागी शून्यं लिहिली, मग वाचून खात्री केली. पुसण्याचं काम एवढ्या काळजीने याआधी कधी केलं नव्हतं.

माझ्या डोक्यातलं पुसण्याची सोय नाही. तेही त्यांना सांगायला हवं होतं का, ठरवता आलं नाही.

उरलेलं बोलणं प्रयोगशाळेला पाठवलं. आवाजाचा भाग अपुरा पडला, तेव्हा साठ्यात आणखी एक डिस्क घालून तो वाढवून दिला. थेरपिस्ट म्हणाली, "अगं बाई, हिचा हात सुटला!"

२२ मार्च

करार सहा महिन्यांनी वाढला. कायम नाही. मॅडम म्हणाल्या, "चूक केलीस म्हणून कायम नाही. येऊन सांगितलीस म्हणून वाढवला." हिशेब योग्य आहे. आता कुठल्याही डिस्कला हात लावण्याआधी मी सगळ्या खोल्यांतून विचारत फिरते. काका सांगतात की लोक कंटाळले आहेत.

२८ मार्च

आज यंत्र दिलं. पुस्तकाएवढा पडदा, खाली छोटा ध्वनिक्षेपक. लिलाववाले एका बोटाने टाइप करतात, म्हणून प्रत्येक वाक्यासाठी सगळे थांबतात. पहिलं काय बोलतील याची खोलीभर उत्सुकता होती. थेरपिस्टने तर फोन काढून तयार धरला होता.

यंत्र म्हणालं, "आधी हा पंखा बंद करा, काही ऐकू येत नाही."

तेच. वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडणं, 'काही'वर किंचित खेकसणं. पत्नी ताडकन म्हणाल्या, "बंद करा काय? उकाडा किती आहे!" आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण उत्तर दिलं. त्या पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. काका त्यांच्या मागे गेले. मॅडमनी स्वतः उठून पंखा बंद केला आणि बाकीच्यांनाही बाहेर काढलं.

मी वायरी आवरत मागे राहिले होते. मला त्यांची माफी मागायची होती. व्हरांड्यात मी फक्त माहिती दिली होती. मी म्हटलं, "ती पहिली काही सेकंदं मिळाली नाहीत. माझ्यामुळे गेली. मला माफ करा. त्यात काय होतं, तुम्हाला आठवतं?"

ते टाइप करायला लागले. मी थांबले.

"आठवत नाही," यंत्र म्हणालं. "तुझ्याबद्दल नव्हतं एवढं नक्की."

कितीतरी दिवस मी हा आवाज ऐकत होते. काकांशी, पत्नीशी, बाजारातल्या आठवणीतल्या माणसांशी बोलताना. माझ्याशी तो आज पहिल्यांदा बोलला.

त्यांचं बोट पुन्हा पडद्यावर फिरू लागलं. या वेळी बराच वेळ लागला. वाक्य पुरं होण्याआधी मला ते वाचता आलं असतं, पण मी मुद्दाम पडद्याकडे पाहिलं नाही.

"पोरी, तू माझं सगळं ऐकलंस. जे बायकोला माहीत नाही तेही. मला तुझं काहीच माहीत नाही. हा व्यवहार बरोबर नाही. बस, काहीतरी सांग."

"काय सांगू?"

बोट फिरलं. "कुणाला न सांगितलेलं."

बाहेरून पत्नींचा आणि काकांचा बोलण्याचा आवाज येत होता. मी उठून दार लावलं, खुर्ची त्यांच्या जवळ ओढली आणि बसले. सुरुवात करायला मला त्यांच्या एका बोटापेक्षा जास्त वेळ लागला. ते थांबले.

काय सांगितलं ते इथे लिहायची गरज नाही. त्यांना माहीत आहे.